दणदणीत नव्हता तो जलसा

7 फेब्रुवारी 2024. रमाईची जयंती. त्या रात्री आमच्या वस्तीत जलसा झाला. त्यावर मी आपल्या अंकासाठी पानभर मजकूर लिहिला. ‘दणदणीत’ हा शब्द त्यात तीन वेळा होता. ‘ढोलकीच्या कडकडाटानं आसमंत दुमदुमून गेला’ असंही एक वाक्य होतं. पान संपादकाच्या हातात द्यायच्या आधी मी आजीला वाचून दाखवलं. आजीला अक्षरओळख नाही. पण कविता असो की आणखी काही, पहिल्यांदा तिच्या कानावर घालायचं ही आमच्या घरातली रीत.

तिनं सगळं ऐकून घेतलं. पानाची डबी उघडली. चुना लावता लावता म्हणाली, “ढोलकी तुला ऐकू आलती का रं?”

मी गप्प.

“मला तर नाय आली. मी पुढंच बसले व्हते. मंग दुमदुमलं काय? शेजारचा डीजे?”

मी पानाची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात कोंबली. स्टेन्सिलवर चढायच्या आत ते पान मागं घेतलं हे बरं झालं. दोस्तहो, तुम्ही वाचताय ते दुसरं पान आहे.

मी काही समीक्षक नाही. घाटकोपरला हायवेच्या अंगाला आमची वस्ती आहे आणि भिवंडीला एका पॉवरलूमच्या कारखान्यात मी माग चालवतो. बारा तासांची पाळी. आमच्या घरात मात्र अजून ‘मिलला गेला’ असंच म्हणतात, कारण आजोबा मिलमध्ये होते, परळला. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, तो त्यांच्यापुरता कधी मिटलाच नाही. मिल गेली, परळची खोली गेली, शब्द तेवढा घरात राहिला. माझी शाळा दहावीपर्यंत. बाकीचं शिक्षण 6 डिसेंबरला शिवाजी पार्कवर लागणाऱ्या पुस्तकांच्या स्टॉलवर झालं. तिथं उभ्या उभ्या वाचलेली पुस्तकं विकत घेतलेल्यांपेक्षा जास्त भरतील.

नाटकाचा नाद लावला तो मामानं. मामा बॅकस्टेजला होता. सेट टेम्पोतून उतरवायचा, ठोकायचा, प्रयोग संपला की मोडून परत टेम्पोत चढवायचा. आज मुलुंडचं कालिदास, उद्या पार्ल्याचं दीनानाथ, परवा बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे. शाळेला सुट्टी असली की मी त्याच्याबरोबर टेम्पोत. तिकीट काढून खुर्चीत बसून नाटक बघायला मी फार उशिरा शिकलो. त्याआधी सगळी नाटकं विंगेतून बघितली. विंगेतून नटाचा एकच गाल दिसतो. पण इतर बऱ्याच गोष्टी दिसतात. तिसरी घंटा व्हायच्या आधी मोठमोठ्या नटांचे हात गार पडतात. हशा कुठं येणार हे त्यांना पाठ असतं. आणि तो आला नाही की आत आल्यावर माणूस घाम पुसत स्वतःलाच शिव्या घालतो. मध्यंतरात वडा खाता खाता त्यांची पंचाईत चालायची. दुसऱ्या अंकात आज सांडलं. एक्झिट लांबली. तू माझं वाक्य खाल्लंस. कुणी कुणाला सोडत नसे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच टेम्पोच्या मागच्या बसमध्ये सगळे एकत्र. हे मी लहानपणी बघितलं. त्याचा अर्थ लागायला आजी लागली.

त्या नाटकांत काय होतं? बहुतेक दिवाणखाना. मधोमध सोफा. नवरा, बायको, सासू, शेजारी, गैरसमज. मी हसलोय, खोटं कशाला बोलू. पण तो सोफा मामाच्या खांद्यावरून जायचा, आणि आमच्यातलं माणूस त्या सोफ्यावर बसलेलं मी एकाही नाटकात बघितलं नाही. बसलेलं सोडा, आमच्यासारखं बोलणारं माणूस आलंच तर ते चहाचा ट्रे घेऊन यायचं आणि त्याच्या बोलण्याला हशा पडायचा. मामा विंगेत उभा असायचा. त्या हशाला तो हसायचा नाही. त्या वेळी मला वाटायचं, दमला असेल.

मग एक दिवस मामा म्हणाला, चल, आज सेट लावायचा नाय, आज बघायचं. नाटकाचं नाव ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’. 2012 साली रंगभूमीवर आलेलं. राजकुमार तांगडेंनी लिहिलेलं, नंदू माधवांनी बसवलेलं, कल्पना आणि संगीत लोकशाहीर संभाजी भगतांचं. काम करणारी पोरं जालन्याकडची, शेतात राबणारी. मी चौदा-पंधरा वर्षांचा होतो. शिवाजीला न्यायला यम येतो. शिवाजीला नेतो, पण त्याचे विचार खालीच राहतात, म्हणून त्याला परत पृथ्वीवर यावं लागतं. आता त्याला असं डोकं शोधायचंय ज्याला महाराजांची पगडी बरोबर बसेल. ह्याच्या डोक्याला घट्ट, त्याच्या डोक्याला सैल. गल्लीतले पुढारी डोकं पुढं करतात आणि पगडी बसत नाही.

दोस्तहो, विचार कसा दाखवायचा हे मला त्या रात्री कळलं. शिवाजी कुणाचा, ह्यावर तासभर भाषण ठोकता आलं असतं. आपल्याकडं ठोकतातही. त्यांनी एक पगडी दिली आणि लोकांना हसवलं. हसता हसता माणूस आपल्याच डोक्याचं माप घ्यायला लागतो. मामाही त्या रात्री मोठ्यानं हसला. तेव्हा मला समजलं की तो आधी दमलेला नसायचा.

तेव्हापासून मी बघत गेलो. कारखान्यातून सुटलो की ठाण्याला गाडी बदलायच्या आधी कुठं काही आहे का ते बघायचं. एकांकिका स्पर्धेत प्रेमानंद गज्वींची ‘घोटभर पाणी’ बघितली. दोन माणसं आणि पाणी, बस. सोफा नाही, भिंत नाही. जुहूच्या पृथ्वीला एकदा गेलो. तिथली खुर्ची रंगमंचाच्या इतकी जवळ की नटाचा श्वास ऐकू येतो. माझ्या मागावर मला माझा स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. त्या खडखडाटात आम्ही एकमेकांचे ओठ बघून बोलतो. त्यामुळं कुणाचा श्वास ऐकायला मिळणं ही माझ्या लेखी चैन आहे. एका नाट्यगृहात मात्र दारावरच्या माणसानं माझं तिकीट उजेडाकडं धरून दोनदा उलटंपालटं केलं. पुढच्या जोडप्याचं एकदाही बघितलं नव्हतं. आत गेलो, नाटक बघितलं, नाटक चांगलं होतं. ते चांगलं होतं हे मी त्या माणसाच्या रागापायी नाकारणार नाही. पण घरी येताना जे आठवलं ते नाटक नव्हतं.

आता आमच्या जलशाकडं येतो.

पथकात सात जण. शाहीर माझा लंगोटी यार. रात्री सिक्युरिटीची ड्युटी करतो आणि गेटवरच्या वहीच्या मागच्या पानांवर गाणी लिहितो. ढोलकीवाला रिक्षा चालवतो. पेटीवर एक रिटायर कंडक्टर काका. झील धरायला तिघं. आणि एक पोरगी, कॉलेजात शिकणारी. तिचा बाप कंत्राटदाराकडं गटारसफाईला आहे.

वेळ सातची छापली होती. पहिला डफ वाजला तेव्हा घड्याळात आठ चाळीस. मधला वेळ सत्कारात गेला. बावीस शाली. मी मोजल्या. माजी नगरसेवक, भावी नगरसेवक, त्यांच्याबरोबर आलेली माणसं, त्या माणसांबरोबर आलेली माणसं. रमाईच्या फोटोपुढची मेणबत्ती तोवर अर्धी झाली होती. मागच्या बाया दोनदा घरी जाऊन भाकऱ्या थापून परत आल्या. पथकातल्या एकालाही शाल मिळाली नाही. ती पोरं स्टेजच्या पायरीवर वाद्यं मांडीवर घेऊन बसून राहिली.

मग गण. जुन्या तमाशात गण म्हणजे गणपतीला नमन आणि मग गौळण. फुल्यांच्या मागून आलेल्या सत्यशोधक जलशांनी हा साचा हातात घेतला आणि आतला माल बदलला. आंबेडकरी जलशांनी तो आणखी पुढं नेला. देवाच्या जागी माणूस आणला. कृष्णाच्या जागी वस्तीतला सवाल आणला. हे काम लहान नव्हतं. भीमराव कर्डकांचा एक जलसा आपल्या दहा सभांच्या बरोबरीचा, असं बाबासाहेब म्हणत, हे आपल्यात पिढ्यान्पिढ्या सांगतात. इथून जवळच, घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत राहून अण्णाभाऊंनी लिहिलं. त्याच अण्णाभाऊंनी 1944 साली अमर शेख आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक काढलं आणि तमाशाचं लोकनाट्य करून चाळीचाळीत नेलं. एवढं सगळं आपल्या पाठीशी.

आणि आमचा गण कसा होता? चाल सिनेमाची. आता चाल उसनी घेण्यात काही पाप नाही. भीमगीतांनी सिनेमाच्या चाली फार आधीपासून घेतल्या. पण उसनी घेतलेली वस्तू आपली वाटेल अशी वापरावी लागते. इथं दुसऱ्याच ओळीला माझ्या शेजारची पोरं सिनेमातले मूळ शब्द म्हणायला लागली. ओठावर रमाई नाही, हिरॉईन. शाहीर वरून गातोय आणि खाली वेगळंच गाणं चाललंय, हे त्याला माईकच्या आवाजात कळलं नाही.

माईक. आवाज इतका वाढवलेला की शब्दाच्या कडा फाटत होत्या. पलीकडच्या गल्लीत हळदीचा डीजे. तो वाढला की आमचा साउंडवाला वाढवायचा. आमचा वाढला की तो. दोन ट्रक एकमेकांना हॉर्न मारत उभे राहावेत तसं. ह्या दोघांच्या मधे ढोलकी मेली. वाजवणाऱ्याची बोटं दिसत होती, घाम दिसत होता, थाप ऐकू येत नव्हती. आजीनं बरोबर विचारलं होतं.

मग वग. रेशनचं दुकान, दुकानदार, साहेब, आणि कार्डावर अंगठा न उमटणारी म्हातारी. भांडी घासून घासून तिच्या बोटाच्या रेषा गेल्यात, म्हणून मशीन तिला ओळखत नाही. विषय आमच्या घरातला. म्हातारीचं काम करणारा पोरगा झकास. बायांच्या घोळक्यातून “अगं माझं पण असंच झालतं” असा आवाज आला, तेव्हा मी पुढं सरकून बसलो. आता रंगणार! तेवढ्यात शाहीर मधे आला. वग थांबवला आणि संविधानावर बोलायला लागला. पंधरा मिनिटं. कलम 17 तोंडपाठ म्हणून दाखवलं. बरोबर म्हणून दाखवलं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण ती म्हातारी रिकामी पिशवी घेऊन मागं तशीच उभी. तिला आत जावं की उभं राहावं कळेना. शेवटी तिनं पिशवी जमिनीवर ठेवली आणि पदर सावरत पोरासारखी खाजवायला लागली. लोक हसले, पण भलत्याला हसले. अरे, त्या म्हातारीचा अंगठा हेच भाषण होतं. पगडी नाही का तशी.

दहा वाजले. चौकीतनं हवालदार आला. कायदा आहे, 2000 साली झालेल्या नियमांनी रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. माईक बंद झाला. स्टेजवरचा मोठा लाईटही साउंडवाल्यानं वायर गुंडाळता गुंडाळता काढला. पाहुणे कधीच गेले होते. आता खुर्च्या सरकायला लागल्या. तीनशेतली चाळीस-पन्नास माणसं राहिली असतील. शाहीर मान खाली घालून डफाची पिशवी शोधत होता.

पण कायदा शेजारच्यांनाही लागू झाला. हळदीचा डीजेही थांबला.

मग ती पोरगी स्टेजवरनं खाली उतरली. ठरवून उतरली असं मला वाटत नाही. खाली बसलेल्या आज्या-मावश्या उठल्या नव्हत्या, म्हणून उतरली. आजीच्या पुढ्यात, सतरंजीच्या कडेला उभी राहिली आणि नुसत्या डफावर गायला लागली. चाल कुणाची नव्हती. दळणाच्या गाण्याला जवळची, संथ. गाण्यात बाप गटारात उतरायच्या आधी चपला काढून झाकणाच्या कडेला ठेवतो. लहान पोर तिथं बसून चपला राखते. कुत्र्यानं नेऊ नयेत म्हणून. बाप वर येईपर्यंत पोर चपलांकडं बघत असते, कारण भोकाकडं बघायची तिला भीती वाटते. एवढंच. माणसानं गटारात उतरण्यावर 2013 च्या कायद्यानं बंदी आहे, हे तिनं गाण्यात कुठं सांगितलं नाही. ऐकणाऱ्यांना ते माहीत होतं. तिचा बाप मागं विजेच्या खांबाला टेकून उभा होता, तेही सगळ्यांना माहीत होतं.

आता परीक्षण करतोय तर तिचंही करतो. चौथं कडवं नको होतं. त्यात ती व्यवस्थेला शिव्या द्यायला लागली आणि चपला विसरल्या गेल्या. तिसऱ्या कडव्यात तिचा आवाज फाटला. पण तो फाटला तेव्हाच एक गोष्ट घडली आणि तिच्यासाठी मी हे सगळं लिहितोय.

तिची ओळ अर्ध्यात तुटली आणि झीलकऱ्यांनी ती उचलली. तिघंही मघापासून स्टेजवर माईकपुढं उभे होते, पण त्यांचं काम काय हे मला समजलं नव्हतं. माईक असला की झील म्हणजे नुसती शोभा. माईक नसला की कळतं की झील ही सोय आहे. शाहिराला दम घ्यायला जागा पाहिजे. मागं बसलेल्याच्या कानावरून सुटलेली ओळ त्याला दुसऱ्यांदा मिळाली पाहिजे. आणि एकट्याचा आवाज तुटला तर गाणं तुटता कामा नये. कुणीतरी ही युक्ती काढली असेल ती असल्याच अंधारात, असल्याच माणसांपुढं. दुसऱ्या फेरीला मावश्यांनी झील धरली. मग आजीनं. पंच्याहत्तरीची माझी आजी, सिन्नरकडची, वामनदादांच्या मुलखातली. मोठेपणी अक्षरं शिकलेल्या त्या माणसाची कितीतरी गाणी तिला एकही अक्षर न शिकता पाठ आहेत. तिच्या तोंडून सूर निघाला तेव्हा मला अंधारात नीट दिसेना.

ढोलकीवाल्यानं खाली उतरून हळूच थाप दिली. ती ऐकू आली.

घरी येताना आजोबांची एक गोष्ट आठवली. ते सांगायचे, त्यांच्या आधीच्या आपल्या माणसांना मिलमध्ये विणकाम खात्यात घेत नसत. पगार तिथं जास्त, पण आपल्याला बंदी. कारण धोट्यात दोरा भरायचा तर तो तोंडानं ओढावा लागे. एकाच्या तोंडचा दोरा दुसऱ्याच्या तोंडाला. आपलं तोंड बाटगं. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न गिरणी युनियनच्या पुढाऱ्यांपुढं मांडला होता. मी आज मागावर उभा आहे तो त्या भांडणाच्या जिवावर. ज्या तोंडाला दोरा शिवू दिला नाही, त्या तोंडांनी पोरीची तुटलेली ओळ उचलून पुढं नेली. एकाच्या तोंडची ओळ दुसऱ्याच्या तोंडाला. मी दुसऱ्या दिवशी पाळीवर खाडा केला आणि लिहायला बसलो.

आणि लिहिलं काय? ‘दणदणीत’. ‘आसमंत दुमदुमला’. ‘मान्यवरांच्या उपस्थितीत’.

का लिहिलं, ते मी नंतर पुष्कळ दिवस शोधत होतो. एक कारण सोपं. शाहीर दोस्त आहे. दुसरं कारण सगळ्यांचंच आहे. पेपरातला नाटकाचा माणूस आमच्या मांडवात मी कधी बघितला नाही. कुणीच लिहीत नाही, म्हणून आपण लिहायचं, आणि आपण लिहायचं म्हणजे चांगलंच लिहायचं. बाहेरचे तर तोडायलाच बसलेत, आपणही कशाला तोडायचं? हे मला अगदी खरं वाटत होतं. पण त्यामुळं झालं काय? त्या पानात पोरीचं गाणं एका ओळीत आलं होतं, ‘इतर कलाकारांनीही साथ दिली’ म्हणून. कारण तिचं गाणं चांगलं का झालं हे लिहायचं, तर आधीचं का पडलं ते लिहावं लागलं असतं. खोट्या कौतुकात खरं कौतुक करायला जागाच राहिली नाही.

विलास घोगरे मुलुंडच्या झोपडपट्टीतले. 11 जुलै 1997 ला आमच्या शेजारी रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातला गेला. संतापून रस्त्यावर आलेल्या लोकांवर गोळीबार झाला आणि दहा माणसं मेली. 15 जुलैला ह्या शाहिरानं जीव दिला. आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ तिथून सुरू होतो. चौदा वर्षं ते चित्रीकरण करत होते. 2011 साली सिनेमा पुरा झाला. आमच्या वस्तीत पांढरी चादर बांधून दाखवला तेव्हा मी शाळकरी पोर होतो. तीन तासांवर सिनेमा, आणि पोरं सोडली तर कुणी हललं नाही. पटवर्धनांच्या 1985 च्या ‘हमारा शहर’मध्येही घोगरेंचं गाणं आहे. म्हणजे गाणारा माणूस कधीपासून गात होता. सिनेमा संपल्यावर आजी म्हणाली, “मेल्यावर समदी निवांत बसून ऐकत्यात बाबा.” तेव्हा मला ते नुसतं म्हातारीचं बोलणं वाटलं. आता वाटतं, तिनं आपल्या सगळ्यांचं परीक्षण केलं होतं. जिवंत शाहिरापुढं आपण सत्कार करतो, फोटो काढतो, बिस्किटं वाटतो. निवांत बसून ऐकत नाही. आणि ऐकलं नाही की मग ‘दणदणीत’ लिहावं लागतं.

तर मी हे दुसरं पान लिहिलं आणि छापायला द्यायच्या आधी शाहिराला वाचून दाखवायचं ठरवलं. त्याच्या ड्युटीच्या गेटवर गेलो. रात्रीचे बारा. वाचलं. बावीस शाली आल्या तेव्हा तो हसला. सिनेमाची चाल आली तेव्हा थांबला. म्हातारीची पिशवी आली तेव्हा त्यानं तोंड फिरवलं.

“झालं?” म्हणाला.

“झालं.”

“बाहेरच्यांनी मारलं तर समजतं. तू पण?” मग थोड्या वेळानं, “दोन महिने ड्युटी करून तालमी केल्यात आम्ही. तू एक खाडा करून पान लिवलंस.”

ह्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजूनही नाही. गाणं बसवायला दोन महिने आणि ते पाडायला एक पान, हा हिशेब चुकीचाच आहे. त्यासाठी मी आता एक नेम केलाय. ज्यांच्यावर लिहायचं त्यांच्या तालमीला किमान दोनदा जायचं. सतरंजी टाकायला, चहा आणायला, कशालाही. मगच लिहायचं. तुम्हांलाही सांगतो, आपापल्या वस्तीतल्या जलशावर लिहा. लांबचं मोठं थेटर बघायला मिळालं तर ते जरूर बघा, तिथली वेळ, तिथली शिस्त उचला. पण वही घेऊन मांडवात बसा. कुठल्या ओळीला बाई उठून गेली, कुठल्या ओळीला उठलेली बाई परत बसली, एवढं जरी लिहिलं तरी पुष्कळ झालं. आणि दाराशी उभं राहून नाही, पुढं, आज्यांच्या ओळीत बसून.

शाहीर तीन आठवडे बोलला नाही. वाटेत दिसला तर फोन कानाला लावायचा. मी छापायची घाई केली नाही. मग एका रविवारी संध्याकाळी विहाराच्या मागून डफ ऐकू आला. गेलो. तालीम चालली होती. वग तोच, रेशनचा. माईक नव्हता. शाहीर मधे येऊन बोलला, पण दोनच वाक्यं, आणि म्हातारीच्या हातातली पिशवी स्वतः धरून बोलला. माझ्याकडं त्यानं बघितलं नाही. गण अजून त्याच सिनेमाच्या चालीत. त्यावरनं त्याचं आणि पेटीवाल्या काकांचं भांडण चाललेलं. पोरीनं चौथं कडवं काढलेलं नाही. ती म्हणते, ते तिच्या बापाला आवडतं. बरोबर आहे, तिचं गाणं आहे.

निघताना शाहिरानं मागून हाक मारली. जयभीम नाही, काही नाही.

“पुढच्या टायमाला एकटा येऊ नको,” म्हणाला. “म्हातारीला घेऊन ये.”